उल्का: शकुन की गुरू?

तारा तुटताना दिसला की जुनी माणसं म्हणत, "कोणीतरी गेलं." वराहमिहिरांनी बृहत्संहितेत म्हटलं आहे की, स्वर्गात पुण्याचं फळ भोगून खाली येणारे जीव म्हणजेच उल्का. मग आभाळातून अग्नी उतरताना दिसला, तर भाविकाने त्यातून काय घ्यावं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात, खानदेशात लोकांनी पेटते गोळे ओळीने आभाळातून जाताना पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. त्याच रात्री नागपूरहून धाकट्या बहिणीचा मला डोंबिवलीला फोन आला. "दादा, सणाच्या दिवशी आग पडली रे! नातीचा साखरपुडा आठ दिवसांवर आलाय. पुढे ढकलू या म्हणतात सगळे."

पुढे अभ्यासकांनी सांगितलं, ती उल्का नव्हे, चिनी रॉकेटचा उरलेला भाग असावा. पण समजा, खरीच उल्का असती, तर साखरपुडा ढकलणं योग्य ठरलं असतं का?

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, आकाश, अग्नी, समुद्र, अजगर, मधमाशी. यातल्या एकाकडूनही त्यांनी शकुन घेतला नाही. "हे माझ्यासाठी काय घेऊन आलं?" असं न विचारता "हे मला काय शिकवतं?" एवढंच पाहिलं. वारा ढग आणतो, ढग नेतो; आकाशाला काही चिकटत नाही. अग्नीत काहीही टाका, तो मळत नाही.

शकुन-अपशकुनाचं ओझं शेवटी कुणाच्या डोक्यावर बसतं, तेही पाहावं. साखरपुडा ढकलला असता तर उद्या त्याच पोरीचा पायगुण काढला गेला असता. आपल्या भीतीपायी निरपराध जिवाला डाग लागत असेल, तर ती भक्ती कसली? बहिणीला मी हेच सांगितलं. साखरपुडा ठरल्या दिवशीच झाला.

दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला मिथुन राशीतून उल्का येताना दिसतात. २०२४ साली १४ डिसेंबरला दत्तजयंती आली, ते हेच दिवस. पौर्णिमेचं चांदणं आणि आपल्या ठाणे-कल्याणचे दिवे यांत बारीक उल्का लपतात, पण एखादी ठळक दिसून जाते. वाळूच्या कणाएवढा, फार तर वाटाण्याएवढा खडा तो, जळता जळता क्षणभर उजेड देतो. मागे आकाश जसंच्या तसं.

जन्मकाळाची आरती, प्रसाद आटोपला की घटकाभर गच्चीवर जावं. दिसली तर हात जोडावेत. भिऊ नये, काही मागूही नये. आपलं उरलेलं आयुष्य कुणाला थोडा उजेड देईल का, एवढं मनाला विचारावं.

श्रीगुरुदेव दत्त!