आप्तवाक्य आणि चुन्याचे पाणी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात परीक्षेची चार साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, म्हणजे विश्वासार्ह जाणकाराचे वचन, प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना येणारा अनुभव, अनुमान, आणि युक्ती, म्हणजे अनेक कारणे जुळून आली असता त्यांतून काय निपजेल हे ओळखणारी बुद्धी. यांतील आप्त हा रज आणि तम यांपासून मुक्त असावा, अशी तेथे अट आहे. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक, आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींची पर्यायी उपचारांवरील श्रद्धा समजून घ्यायची, तर शब्दाच्या या घसरणीपासूनच आरंभ करावा लागतो.

कावीळ उतरवण्याचा प्रकार पाहावा. रोग्याच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस लावतात, चुन्याच्या पाण्याने ते हात परातीत धुतात, आणि पाणी पिवळेधमक होते. अंगातली कावीळ परातीत उतरली, असे सर्वांना डोळ्यांदेखत दिसते. वास्तविक तो रंग साल आणि चुना यांच्या संयोगाचा असतो. त्यातच विषाणूजन्य कावीळ, विशेषतः दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ए, बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होत असल्याने श्रेय परातीला मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, या प्रकाराला शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात. पित्तनलिकेत खडा अडकून झालेली कावीळ मात्र अशा धुण्याने हटत नाही, आणि तेथे वाया गेलेले दिवस महागात पडतात.

होमिओपॅथीत श्रद्धा आणि पुरावा यांचा हा पेच अधिक सूक्ष्म होतो. '३० सी' म्हणजे मूळ द्रव्य शंभरपट विरल करण्याची क्रिया तीस वेळा, अर्थात १०^६० पट. अ‍ॅव्होगॅड्रोचा अंक ६.०२२ × १०^२३ असल्याने बाराव्या विरलीकरणानंतर मूळ रेणू उरण्याची शक्यता नगण्य होते. हा अंक अकरावीतच पाठ केलेला विद्यार्थी परीक्षेच्या सकाळी साबुदाण्याएवढ्या चार गोळ्या जिभेखाली ठेवतो, आणि त्याला यात विसंगती जाणवत नाही, कारण एक ज्ञान गुणांसाठी असते व दुसरे घरचे असते. याला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. गुळवेलीचा काढाही तो याच गोळ्यांच्या पंक्तीला बसवतो, 'साइड इफेक्ट नाही' एवढ्या एका आधारावर. वस्तुतः काढ्यात वनस्पतीची रासायनिक द्रव्ये असतात, म्हणून त्याचा गुण आणि अपाय दोन्ही तपासता येतात.

यावर रास्त आक्षेप असा की, पॅरासिटॅमॉलची गोळी तरी कोणत्या विद्यार्थ्याने स्वतः पारखून घेतली आहे? तेही आप्तवाक्यच. हे मान्य करावेच लागते. भेद विश्वास ठेवण्यात नसून, ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याला उलट प्रश्न विचारता येतो की नाही, यात आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला आज ज्यांचे नाव आहे, ते गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारत. घरात उपाय सुचवणाऱ्या मावशीला तसा प्रश्न विचारणे मात्र उद्धटपणाचे ठरते. निरोगी माणसाच्या हातांना तोच रस लावून ते चुन्याच्या पाण्याने धुवावेत, हा प्रयोग रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला एका दुपारी करता येईल. तो सहसा होत नाही, कारण परीक्षा कावीळ उतरवणाऱ्याची राहत नाही, त्याच्याकडे हात धरून घेऊन गेलेल्या मावशीची होते.