चरबी कोणाच्या अंगाची?

फ्रेंचमध्ये एक शब्द आहे, ग्रा. लिहिताना शेवटी 'स' असतो, बोलताना तो गिळतात. स्त्रीलिंगी करायचं झालं की तो 'स' परत येतो आणि शब्द होतो ग्रास. आपल्या घासाच्या ग्रासाशी त्याचं काही नातं नाही, पण मी शिकवते त्या फ्रेंचच्या वर्गात दर वर्षी हे कोणाला तरी सापडतंच आणि सगळे खूश होतात. अर्थ म्हणाल तर जाड, चरबीचा, तुपकट.

शब्द सगळीकडे सांडलेला आहे. दह्याच्या डब्यावर स्निग्धांश किती टक्के हे सांगायला तो लागतो. छापताना ठळक केलेली अक्षरं 'ग्रा' असतात. कोरफडीसारख्या गरदार पानांच्या झाडांना 'जाड झाडं' म्हणतात. रविवारी दहा वाजेपर्यंत लोळत पडणं म्हणजे 'ग्रास मातिने', जाडजूड सकाळ. ही कल्पना मला फार आवडते. पण कोणी घाणेरड्या विनोदावर खदाखदा हसलं तर ते हसणंही ग्राच. मूळ लॅटिन शब्द क्रासुस. रोममधल्या गडगंज श्रीमंत माणसाचं नाव क्रासुस होतं ते यावरूनच, आणि गॅरेजमध्ये आपण जे ग्रीस म्हणतो तेही याच घराण्यातलं.

यंदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग हा शब्द चांगला की वाईट?" शब्दकोशात याचं उत्तर नाही. ते फ्रेंच कॅलेंडरमध्ये थोडंफार सापडतं.

जुन्या कॅथलिक युरोपात वर्षाचे दिवस दोन प्रकारचे असत, जाड आणि रोड. रोड दिवशी मांस वर्ज्य. शुक्रवार, सणांच्या आदले दिवस आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस धरले, तर असे दिवस वर्षात शंभराच्या वर जात. त्या चाळीस दिवसांत पूर्वी अंडी आणि लोणीही चालत नसे. मग उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, लोणी, चरबी संपवायची, तळणीचे गोड पदार्थ करायचे, रस्त्यावर धिंगाणा घालायचा. हा मार्दी ग्रा, जाड मंगळवार. श्रावणाच्या तोंडावर आपल्याकडे गटारीला मटणाच्या दुकानासमोर लागणारी रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. गोव्यात तर याचा सख्खा भाऊच राहतो. पोर्तुगिजांबरोबर आलेला कार्निव्हल तिथे शनिवारी सुरू होतो आणि त्या शनिवारचं पोर्तुगीज नावही 'जाड शनिवार' असंच आहे. किंग मोमो येतो, खा-प्या-मजा करा असं फर्मान काढतो, आणि मंगळवारी सगळं आवरतं.

त्या जगात ग्रा हा कौतुकाचा शब्द होता, कारण बहुतेकांची ताटं उपास नसतानाही रोडच असत. आपण अजूनही 'खात्यापित्या घरचा' म्हणतो, 'पाचही बोटं तुपात' म्हणतो, त्याच अर्थाने. पण नियम एक असला तरी तो सगळ्यांना सारखा जड नव्हता. दक्षिणेत ऑलिव्हचं तेल पिकतं, तिथे लोणी सोडणं सोपं. उत्तरेला नॉर्मंडीत स्वयंपाक लोण्याचा. मग पैसे भरून लोणी खायची परवानगी मिळू लागली. रुआँच्या कॅथेड्रलचा एक मनोरा या पैशांवर उभा राहिला असं सांगतात. १५व्या शतकाच्या अखेरीस तो बांधायला घेतला आणि आजही त्याचं नाव 'लोण्याचा मनोरा' आहे. मार्टिन ल्यूथरने १५२०मध्ये पोपच्या दरबारावर जी टीका केली, त्यात लोण्याच्या या परवान्यांचाही समाचार घेतला आहे. आपल्या पोळीवर तूप ओढायचं आणि वर पुण्यही लावून घ्यायचं, ही सोय जुनीच आहे.

इथपर्यंत मला या शब्दाबद्दल फारशी तक्रार नाही. खाणारा आणि लठ्ठ होणारा माणूस एकच आहे. मंगळवारी त्याने खाल्लं, बुधवारी त्यानेच सोडलं.

गोष्ट बिघडते ती बैलापाशी. पॅरिसच्या कार्निव्हलमध्ये बफ ग्राची, म्हणजे लठ्ठ बैलाची मिरवणूक निघत असे. खाटकांनी निवडलेला सगळ्यात तगडा बैल, फुलांनी सजवलेला, पुढे वाजंत्री. १९व्या शतकात त्याला त्या काळी गाजणाऱ्या कादंबऱ्यांतली नावं देत. एकाचं नाव होतं मोंते-क्रिस्तो. खाणं, सण आणि नाव, तिन्ही एकाच जनावरावर लादलेलं. पोळ्याचा बैल दुसऱ्या दिवशी औताला जातो. हा कत्तलखान्यात जाई. त्याच्या जाडीचं कौतुक खरं होतं, पण ती जाडी त्याच्या कामाची नव्हती.

हेच टोकाला गेलं की होतं फ्वा ग्रा. बदकाचं किंवा हंसाचं जाड केलेलं यकृत, फ्रान्समध्ये नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या मेजवानीचा मान. पक्ष्याच्या घशातून नळी घालून मक्याचा भरडा पोटात सोडतात. बदकाला दिवसातून दोनदा, साधारण बारा-पंधरा दिवस. युरोपीय नियमाप्रमाणे बदकाचं यकृत किमान ३०० ग्रॅम भरलं तरच त्याला हे नाव लावता येतं. नेहमीच्या यकृताच्या ते कित्येक पट आहे. समर्थक म्हणतात, स्थलांतराआधी हे पक्षी स्वतःच यकृतात चरबी साठवतात. साठवतात, खरं आहे. पण ते उडण्यासाठी.

२००६च्या फ्रेंच कायद्यात लिहिलंय की फ्वा ग्रा हा देशाचा संरक्षित सांस्कृतिक आणि खाद्य वारसा आहे, आणि फ्वा ग्रा म्हणजे नळीने भरवून जाड केलेलंच यकृत. म्हणजे सक्ती काढून टाकली तर नावही जातं. 'वारसा' या शब्दाला मी तेव्हापासून जरा बिचकून असते. एखादी गोष्ट जुनी आहे हे तिच्याबद्दल खरं असतं, पण ती योग्य आहे का, या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. जुनी तर ती आहेच. इजिप्तच्या थडग्यांत हंसांना भरवणारी चित्रं आहेत. रोमन लोक अंजिरं चारत. अंजीर म्हणजे लॅटिन फिकुस, अंजिरावर पोसलेलं यकृत ते फिकातुम, आणि त्यातूनच आजचा 'फ्वा' आला. फ्रेंच डॉक्टर माणसाच्या यकृताबद्दल बोलतो तेव्हाही त्याच्या तोंडी त्या हंसाचं जेवण असतं.

नळीने भरवण्याला फ्रेंचमध्ये 'गावाज' म्हणतात. एके काळी फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या मॉरिटानियात लहान मुलींना लग्नासाठी लठ्ठ करायला बळजबरीने दूध आणि धान्य भरवायची प्रथा आहे, तिलाही फ्रेंचमध्ये हाच शब्द वापरतात. तिथे जाडी म्हणजे सौंदर्य. आपल्याकडे रोडपणा म्हणजे सौंदर्य, म्हणून आपण फार पुढे आहोत असं वाटून घ्यायला नको. दोन्हीकडे अंग मुलीचं आणि पसंती दुसऱ्याची.

भारताने २०१४मध्ये फ्वा ग्राच्या आयातीवर बंदी घातली. मला बरं वाटलं, पण त्यात आपल्याला सोडावं काय लागलं? जे ताटात नव्हतंच ते. आपल्या ताटातली ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांत दोन किलोंची होते आणि कित्येकींचे पाय ते वजन पेलत नाहीत. तिच्या घशात नळी नसते. तिची भूकच तशी निवडून निवडून घडवलेली असते. मला हा फरक मोठा वाटत नाही, आणि तरी रविवारच्या रश्श्यापुढे मी तो मोठा मानून घेते.

या सगळ्यात एक नाव मात्र मला सुखावतं. लुईज द मारियाकचा नवरा होता आंत्वान ल ग्रा, 'जाड्या' आडनावाचा. १६२५मध्ये तो वारला. पुढे १६३३मध्ये व्हिन्सेंट द पॉल यांच्याबरोबर तिने आजारी-गरिबांची सेवा करणाऱ्या स्त्रियांचा संघ काढला. पॅरिस तिला मादमुआझेल ल ग्रा म्हणून ओळखायचं. जाडबाईंचं काम, रोडावलेल्यांना जेवू घालणं.

वर्गात त्या मुलीने फ्वा ग्राचं मराठी विचारलं तेव्हा मी आधी 'जाड यकृत' लिहिलं होतं. मग खोडून 'पोसलेलं' लिहिलं. आपलं 'पोसणं' मोठं विचित्र आहे, आई पोसते आणि बोकडही पोसतात. पण निदान त्यात करणारा लपत नाही. तिने वहीत उतरवून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'कोणासाठी?' मी ते तपासताना तसंच ठेवलं.