पुन्हा पुन्हा येणारा शब्द

बसा. पाठ जमेल तितकी सरळ ठेवा, भिंतीला टेकलात तरी चालेल. डोळे मिटायची घाई नको. आधी मनाने मालगुंडला या.

गणपतीपुळ्याहून जयगडकडे निघालं की लगेच हे गाव लागतं. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ साली इथे जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचं कौलारू घर जपलं, त्याच्या शेजारी स्मारक उभं केलं आणि ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्या घराच्या ओटीवर मनाने टेका. समोर माडांच्या झावळ्या हलताहेत, पलीकडे समुद्राची गाज आहे. आता फक्त आपला श्वास कसा चालला आहे तेवढं पाहा. भरभर चालला असेल तर चालू दे. त्याला शिस्त लावायची नाही.

आज मनावर काही ओझं असेल, तर तेही इथेच शेजारी ठेवा. लपवू नका.

केशवसुतांची १९०० सालची ‘सतारीचे बोल’ ही कविता शाळेत वाचली असेल, तर ती आठवा. अंधारी रात्र आहे. एक माणूस पार खचलेला, जगण्यालाच विटलेला, रस्त्याने एकटा चालला आहे. कुठल्याशा खिडकीतून सतार ऐकू येते. त्याला बरं वाटत नाही, उलट त्या आवाजाचा संताप येतो. मूठ वळते, तोंडून अपशब्द निघतो. सतार वाजतच राहते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच बोल परत येतात. मग कधीतरी पाय थबकतात, कान तिकडे लागतात, डोळे भरून येतात. शेवटी तो माणूस घरी येऊन निवांत झोपी जातो. नोकरीसाठी गावोगाव फिरलेला आणि ३९व्या वर्षी हुबळीला प्लेगने गेलेला हा कवी निराशेला चांगला ओळखत होता, म्हणूनच त्याने तो सुरुवातीचा संताप गाळला नाही.

इथे थोडं थांबा. सतारीने त्या माणसाला काय सांगितलं? धीराचं जे काही त्याला ऐकू आलं, ते त्याच बोलांतून. त्याच्या दुःखाशी ती वाद घालत बसली नाही. तेच ते बोल पुन्हा पुन्हा येत राहिले, एवढंच. माझ्या मते मंत्राचं कामही एवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

आता आपला शब्द शोधू या. सावकाश.

घरात किंवा गुरूंकडून मिळालेला मंत्र असेल, तर शोध तिथेच संपला. तोच घ्या, नव्याच्या मागे लागू नका. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिलेला ‘रामकृष्ण हरी’ वारकऱ्यांच्या ओठांवर आजही आहे. समर्थांचा त्रयोदशाक्षरी राममंत्र कितीतरी घरांत रोज म्हटला जातो. याच रत्नागिरी जिल्ह्यात, पावसला, स्वामी स्वरूपानंदांनी १९७४ पर्यंत ‘सोऽहं’ची साधना केली आणि दिली. त्या मंत्राला जीभही हलवावी लागत नाही. श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’. श्वास चालू आहे तोवर मंत्र सोबतच असतो.

देवाचं नाव मनाला जवळचं वाटत नसेल, तरी वाट बंद होत नाही. लहानपणी तुम्ही घाबरलात, ताप आला, पडलात, तेव्हा कोणीतरी पाठीवरून हात फिरवत काय म्हणायचं ते आठवून पाहा. ‘होईल हळूहळू.’ ‘मी आहे ना.’ ‘बस जरा.’ असे साधे शब्द आतपर्यंत पोचलेले असतात, कारण त्यांना एका माणसाचा आवाज आहे. त्यातला एखादा मनात उमटू द्या. उमटला नाही तर वाट पाहा. उद्या येईल.

आलेला शब्द हळूच पारखून घ्या. तुमच्या सगळ्यात वाईट दिवशीही तो खरा वाटेल का? ‘मी अत्यंत सुखी आहे’ हे वाक्य रडवेल्या मनाला खोटं वाटतं, आणि खोटं वाटलं की मन अधिकच खट्टू होतं. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हेच दाखवलं. ज्यांना आधीच स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता, त्यांनी ‘मी प्रेमाला पात्र आहे’ असं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितल्यावर त्यांना, हे वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा, जास्त वाईट वाटलं. म्हणून फुशारकीचं वाक्य नको. ‘एवढं आज पुरे’ हे चालेल. ‘मी इथे आहे’ हेही चालेल, ते तर कुठल्याही दिवशी खरंच असतं.

शब्द मिळाला असेल तर आता डोळे मिटा.

श्वास आत येऊ द्या. बाहेर जाताना त्याच्यावर तो शब्द ठेवा, मनातल्या मनात.

पुन्हा.

पुन्हा.

मन मध्येच बाजारात जाईल, कुणाशी तरी भांडायला जाईल. जाऊ दे. लक्षात आलं की परत या, स्वतःवर न रागावता. हे परत येणं हीच साधना आहे, बाकी सारं तयारी. कधी शब्दाचाच वैताग येईल, काय हे तेच तेच, असं वाटेल. तेव्हा मूठ वळलेला तो माणूस आठवा. शब्द चालू ठेवा.

शरीरातही बदल होत असतो. इटलीतले संशोधक लुसियानो बर्नार्डी यांनी २००१ साली निरोगी माणसांना एकदा माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे ॐ’ म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला साधारण सहापर्यंत उतरली, आणि हृदय व रक्तदाबाची नैसर्गिक लय त्या श्वासाशी जुळली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, परिणाम एकच.

सावकाश डोळे उघडा.

हा शब्द संकटासाठी राखून ठेवू नका. साध्या, बऱ्या दिवशीच तो मुरवायचा असतो, म्हणजे दवाखान्याबाहेरच्या बाकावर किंवा मध्यरात्री झोप उडाल्यावर तो शोधावा लागत नाही. एसटीची वाट पाहताना म्हणा, भात शिजेपर्यंत म्हणा. बसून जमत नसेल तर चालताना म्हणा. गणपतीपुळ्याला देवळामागची टेकडीच देव मानतात आणि प्रदक्षिणा तिच्याभोवती घालतात. जवळपास किलोमीटरभराची ती वाट आहे. पावलागणिक एक शब्द, एवढंच करत ती चालून पाहा.

एक मात्र कळकळीने सांगतो. मंत्र हे औषध नव्हे. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, अन्न-झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर नुसता जप करत बसू नका. घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा नंबर आजच मोबाइलमध्ये साठवा, आणि ज्याला गरज असेल असं वाटतं त्यालाही द्या.