खोडव्यातली आग

पाचट जाळणे ही शेतीतली गरज आहे असे आपण एकमेकांना इतकी वर्षे सांगत आलो आहोत की आता तिची शहानिशाही कुणी करत नाही. बारामती आणि इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात फड तुटला, वाढे जनावरांना गेले, की उरलेल्या पाचटाला काडी लागते. भवानीनगर, सणसर, काटेवाडी, माळेगाव, कुठलेही शिवार घ्या. रान काळे झाले की मालक म्हणतो, रान स्वच्छ झाले.

खरेच स्वच्छ झाले का, हे तपासू. हेक्टरभर उसातून साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे हेक्टरी 40 ते 50 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र असते सुमारे 21 किलो. म्हणजे दोन गोण्यांचे नत्र आपण पेटवून देतो आणि पुढच्याच आठवड्यात सोसायटीच्या दारात युरियासाठी रांग लावतो. तो युरिया नैसर्गिक वायूपासून तयार होतो. म्हणजे पाचटाच्या धुराला कारखान्याचाही धूर जोडला जातो. शिवाय पाचटात सेंद्रिय कर्ब 32 ते 40 टक्के असतो. हेक्टरी सुमारे तीन टन कर्ब तासाभरात हवेत जातो.

‘राख हे खतच आहे,’ असे उत्तर मिळते. ते अर्धे खरे आहे. पालाश बराचसा राखेत उरतो. नत्र आणि कर्ब मात्र जातात, आणि आपल्या जमिनींना नेमकी त्यांचीच ओढ आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले तसा ऊस आला आणि उसामागोमाग खारवटलेली, चोपण झालेली रानेही आली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर 1910 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. शंभर वर्षांहून जुना इशारा समोर असताना, जमिनीला भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय भाग आपणच दरवर्षी जाळावा, याला अडाणीपणाही म्हणता येत नाही. माहिती असून केलेली ती हयगय आहे.

दुसरी अडचण सांगतात ती उंदीर, साप आणि पाण्याची. पाचटामुळे सरीत पाणी पुढे सरकत नाही, ही तक्रार खोटी नाही. तिच्यावर उपाय मात्र आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने आणि कृषी विभागाने तो कधीचाच सांगून ठेवला आहे. पाचट सरीत दाबून बसवावे किंवा यंत्राने त्याची कुट्टी करावी, बुडखे जमिनीलगत छाटावेत, टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. खोडव्याला खत पहारीने द्यावे: बुडख्यापासून थोड्या अंतरावर भोक, त्यात खत, वरून माती. आच्छादनाखाली ओल टिकते, तण कमी येते, पाण्याच्या पाळ्या लांबतात. कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या भागात एक पाळी वाचण्याची किंमत मी सांगायला नको.

मग प्रश्न उरतो मजुरीचा, आणि तो खरा आहे. काडी फुकट असते. कुट्टीला ट्रॅक्टर लागतो, डिझेल लागते. हंगामाच्या शेवटी तोडणीवाले मिळत नाहीत म्हणून उभा ऊसही पेटवला जातो आणि त्या जळीत उसाच्या पैशातून कपात होते. त्या काजळीत कोयता चालवणारी बाई आणि फडाशेजारच्या कोपीत झोपलेले तिचे मूल धूर गिळतात. त्यांची उचल मुकादमाच्या वहीत असते. धुराची नोंद कुणाच्याच वहीत नसते. ‘आमच्या रानात आम्ही काय करावे हा आमचा प्रश्न’ असे म्हणणाऱ्याने या मुलाच्या छातीचा विचार करून बोलावे. रान तुमचे आहे, हवा तुमची एकट्याची नाही.

पीट जाळून वीज करण्याविरुद्ध आयर्लंडमध्ये जो लढा झाला, तो इथे आठवतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेला वनस्पतींचा थर, कर्बाची जुनी ठेव. कार्यकर्ते न्यायालयात गेले. शॅननब्रिज आणि लेनसबरो इथली पीटवर चालणारी वीजकेंद्रे 2020 च्या अखेरीस बंद झाली, एडनडेरीच्या केंद्राने 2023 च्या अखेरीस पीट जाळणे थांबवले. त्या कामावर पोट असलेल्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न तिथल्या सरकारला टाळता आला नाही. पर्यायी रोजगारासाठी निधी काढावा लागला. तिथे समोर कंपनी होती. इथे काडी आपल्याच हातात आहे, त्यामुळे कुणाविरुद्ध मोर्चा काढायचा हे आपल्याला सुचत नाही.

पीट आणि पाचट एक नव्हे, हेही सांगतो. पाचटातला कर्ब गेल्या वर्षीच हवेतून आला होता, पीटमधला हजारो वर्षांपूर्वी. पण जमिनीत मुरवता येणारी वस्तू धूर करून घालवायची, ही चूक दोन्हीकडे सारखीच. ‘जाळायचेच तर पाचट गोळा करून कारखान्याच्या बॉयलरमध्ये टाका, वीज तरी होईल,’ असे सुचवणारेही आहेत. उघड्यावर जाळण्यापेक्षा ते बरे. पण बगॅसवर कारखाने वीज करतातच; उसाबरोबर रानातून एवढे बाहेर गेल्यावर उरलेल्या पाचटावर पहिला हक्क मातीचा आहे.

याच मातीला आपण काळी आई म्हणतो. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचे रिंगण होते. गावाने ग्रामस्वच्छतेत नाव कमावले, तेही कष्टाने. ज्या गावाला उकिरडा हटवता येतो त्याला शिवारातली आग थांबवता येणार नाही, हे मला पटत नाही.

म्हणून सभासदांना एकच विनंती. छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, तुमचा कारखाना कोणताही असो, येत्या वार्षिक सभेत दराबरोबर हाही प्रश्न लेखी द्या: जळीत उसाला कपात लावता, मग पाचट न जाळणाऱ्याला टनामागे काय देणार, आणि कुट्टीयंत्रे गटवार किती ठेवणार? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.