फुकटचे डाउनलोड आणि हुकूकुल इबाद



एखाद्या सुशिक्षित, नमाजी घरातील तरुणाला विचारून पाहा की, औरंगपुऱ्यातील दुकानातून एखादे पुस्तक उचलून तू पैसे न देता बाहेर पडशील काय? तो 'अस्तगफिरुल्लाह' म्हणून कानाला हात लावील. त्याच तरुणाच्या संगणकात मात्र टॉरेंटवरून उतरविलेली पुस्तके, चित्रपट आणि हजारो रुपये किमतीची सॉफ्टवेअर असतात आणि त्यांविषयी त्याच्या मनात तिळमात्र खटका नसतो. तो तरुण बेइमान आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हाताने उचललेल्या वस्तूचा मालक त्याला समोर दिसतो. पडद्यावर आलेल्या फाइलचा मालक दिसत नाही, एवढाच फरक आहे. परंतु न दिसणाऱ्या मालकाचाही हक्क असतो, आणि अल्लाहच्या दासांच्या हक्कांचा हिशेब, म्हणजेच हुकूकुल इबादचा हिशेब, नमाज-रोजाच्या हिशेबाहून सोपा नाही. सहीह मुस्लिममधील दिवाळखोर माणसाची हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकली आहे. कयामतच्या दिवशी तो नमाज, रोजे, जकात घेऊन येतो आणि ज्यांचे हक्क त्याने बुडविले त्यांना ती सर्व पुण्याई वाटून रिकामा होतो.

यावर लगेच उत्तर मिळते ते असे : मी कोणाचे काय घेतले? मूळ प्रत तर मालकाकडेच आहे. ज्ञान ही अल्लाहची देणगी आहे, तिच्यावर कुलूप कशाला?

हे उत्तर थट्टेवारी नेण्यासारखे नाही. अबू दाऊदमधील एका हदीसनुसार पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत सर्व मुसलमान भागीदार आहेत. आपल्या छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) तर हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणली आणि अवघ्या शहराची तहान भागविली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी डोंगराकडून आलेल्या पाण्यावर पाणचक्की फिरली आणि फकिरांसाठी पीठ दळले गेले. असे वाहते पाणी कोणा एकाचे नसते. मात्र फिकहच्या विद्वानांनी येथेच एक बारीक भेद केला आहे. नदीतील पाणी सर्वांचे. पण भिश्त्याने वाकून, भरून, खांद्यावर वाहून आणलेल्या मशकीतील पाणी त्या भिश्त्याचे. ते तो विकू शकतो आणि त्याच्या परवानगीविना ते घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. सहीह बुखारीतील हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भीक मागण्यापेक्षा दोरी घेऊन लाकडाची मोळी पाठीवर आणून विकणे उत्तम ठरविले आहे. रानातील लाकूड सर्वांचे असते. मोळीची किंमत येते ती कष्टामुळे.

ज्ञान हे नहरीचे पाणी आहे आणि लेखकाचे पुस्तक ही त्याची मशक. पुस्तकातील ज्ञान आपण शिकावे, सांगावे, मुलांना द्यावे; त्यावर कोणाचा हक्क चालत नाही. आपल्या देशाचा 1957 चा कॉपीराइट कायदाही कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. आणि तेही कायमचे नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ते पुस्तक सर्वांचे होते. मशक पुन्हा नहरीत रिती होते, म्हणाना.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भारतीय उपखंडातील पूर्वीच्या काही थोर आलिमांनी लेखनहक्काची विक्री मान्य केली नव्हती. स्पर्श करता न येणारा नुसता हक्क हा 'माल' कसा ठरेल, हा त्यांचा फिकही प्रश्न होता आणि ज्ञान दडवून ठेवले जाईल ही त्यांची भीतीही खरी होती. आजही काही तरुण त्या मतांचा आधार घेतात. परंतु व्यवहारात ज्याला सर्व लोक मालमत्ता मानतात, ज्याची नोंदणी व खरेदी-विक्री होते, त्याला मालमत्तेचा दर्जा मिळतो, असे मत पुढे मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांच्यासारख्या हनफी विद्वानांनी मांडले. डिसेंबर 1988 मध्ये कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनाने तर ठरावच केला की, लेखन, शोध, व्यापारी नाव व चिन्ह यांचे हक्क शरीअतनुसार संरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करणे वैध नाही.  शिवाय दुसऱ्याच्या कष्टाची प्रत काढून ती जगभर वाटणे हा वेगळाच प्रश्न आहे.

आणि 'जगभर वाटणे' हे शब्द येथे अक्षरशः खरे आहेत. टॉरेंटमध्ये फाइल एका ठिकाणाहून येत नाही. तिचे शेकडो लहान तुकडे होतात आणि ते अनेक अनोळखी लोकांच्या संगणकांतून तुमच्याकडे येतात. तुमच्याकडे आलेला प्रत्येक तुकडा त्याच क्षणी तुमचा संगणक पुढे इतरांना देऊ लागतो. फाइल पूर्ण उतरली तरी प्रोग्राम सुरू असेपर्यंत हे देणे चालूच राहते. त्यालाच 'सीडिंग' म्हणतात. म्हणजे 'मी फक्त स्वतःपुरते घेतले' हे वाक्य टॉरेंटच्या बाबतीत बोलताच येत नाही. तुम्ही इशाची नमाज पढून निजलात तरी तुमचा संगणक रात्रभर परक्याचा माल वाटत असतो.

ही पद्धत स्वतः वाईट नाही. लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली टॉरेंटवरून उघडपणे वितरित होतात आणि त्यात काहीही गैर नाही. प्रश्न आपण काय वाटतो याचा आहे. सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत अल्लाहने सदाचार व ईशभयाच्या कामी परस्परांना साहाय्य करण्याची आज्ञा दिली आहे आणि पाप व अतिरेकाच्या कामी साहाय्य करण्यास मनाई केली आहे. अनोळखी माणसे एकमेकांना तुकडा तुकडा पुरवितात हे साहाय्यच होय. ते कशासाठी, हे प्रत्येकाने पाहावे. सदका-ए-जारिया आपल्याला ठाऊक आहे. वाईट प्रथा सुरू करणाऱ्याच्या माथी तिचे अनुकरण करणाऱ्यांच्या पापाचाही वाटा येतो, हेही हदीसमध्ये आले आहे.

कायद्याची नजरही नेमकी येथेच वळते. ज्या मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या शहरात आहे, त्याच न्यायालयापुढे 2016 मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या चोरट्या प्रतींचे प्रकरण आले होते. बंद केलेल्या संकेतस्थळांवर त्या काळी असा इशारा झळकत असे की, नुसते पाहणेही दंडनीय आहे. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की, पाहणे हा गुन्हा नव्हे. विनापरवानगी वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे. हे ऐकून अनेकांना हायसे वाटले. परंतु टॉरेंट वापरणारा वितरकही असतो, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास कलम 63 अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. पोलीस आपल्या दारी येतील काय, हा प्रश्न मात्र मोमिनासाठी दुय्यम आहे.

'त्या कंपन्या परकीय आहेत, गडगंज आहेत, आपल्या वैऱ्यांना मदत करतात. त्यांचे घेतले तर काय बिघडले?' हाही युक्तिवाद चहाच्या टपरीवर नित्य ऐकू येतो. हिजरतच्या रात्री मक्केचे लोक प्रेषितांच्या (स.) घराला वेढा घालून त्यांच्या प्राणांवर टपले होते. त्याच मक्कावासीयांच्या ठेवी परत करण्यासाठी ह. अली (र.) यांना मागे ठेवण्यात आले. दुसरा प्रसंग सहीह बुखारीत हुदैबियाच्या वर्णनात येतो. ह. मुगीरा बिन शोबा (र.) यांनी इस्लामपूर्व काळात आपल्या सोबत्यांना ठार करून त्यांचा माल घेतला होता आणि त्यानंतर ते इस्लाम स्वीकारण्यास आले होते. प्रेषितांनी (स.) त्यांचा इस्लाम स्वीकारला, पण त्या मालाशी आपला काहीही संबंध नाही असे सांगितले. तो माल इस्लाम न मानणाऱ्यांचाच होता. एखाद्या कंपनीचा राग असेल तर तिचे उत्पादन वापरूच नये. तेच फुकटात वापरून बहिष्काराचे समाधान मानणे ही गंमतच आहे.

परकीयांचे सोडा, आपल्या मराठीचे पाहू. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने 'श्री-लिपी' तयार केली, तेव्हा कोठे डीटीपीच्या दुकानांत मराठी सुबकपणे उमटू लागली. तिच्यासोबत मिळणारे कुलूप तोडून तीच अक्षरे वर्षानुवर्षे हातोहात फिरली. त्या अक्षरांत लग्नपत्रिका छापल्या गेल्या. सचोटी शिकविणारी पत्रके छापली गेली नसतील असे छातीठोकपणे कोण म्हणेल? मराठीतून इस्लामी साहित्य छापणारे आधीच मोजके आहेत आणि त्यांच्या आवृत्त्याही लहान असतात. त्यांचे पुस्तक स्कॅन करून 'सवाब मिळेल' म्हणून गटागटांत पाठविले की पुढची आवृत्ती निघत नाही. सवाब मिळवायचा असेल तर दहा प्रती विकत घेऊन वाटाव्यात.

गरीब विद्यार्थ्याने काय करावे, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला केवळ उपदेश करून भागणार नाही. कायद्याच्या कलम 52 ने खासगी अभ्यास व संशोधनासाठी न्याय्य वापराची वाट मोकळी ठेवली आहे. अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या छायाप्रतींचे संच काढण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये मान्यता दिली. खरगपूर आयआयटीची नॅशनल डिजिटल लायब्ररी विनामूल्य आहे. ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस आहे. मराठी अक्षरांसाठी एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे मुक्त परवान्याचे टंक आहेत. पाहू जाता चोरीची गरज फार थोड्या ठिकाणी उरते. बव्हंशी उरतो तो आळस. आई-वडिलांनीही मुलाने 'फुकटात मिळविले' म्हणून कौतुक करण्यापूर्वी कोठून मिळविले, हे विचारावे.

आजवर जे झाले त्याचे काय? हुकूकुल इबादची तौबा नुसत्या इस्तिगफारने पूर्ण होत नाही. हक्क परत करावा लागतो. पुस्तक आवडले असेल तर त्याची प्रत विकत घ्यावी. सॉफ्टवेअरवर पोट चालत असेल तर ऐपत होताच परवाना घ्यावा आणि तोवर मुक्त पर्याय वापरावा. अशा साधनावर केलेल्या कामाची मजुरी कष्टाचीच असते, असे अनेक मुफ्तींचे मत आहे. पण साधनाचे देणे डोक्यावर कर्ज म्हणून राहते. मालकापर्यंत पोहोचणे अशक्यच असेल तर तेवढी रक्कम त्याच्या वतीने सदका करावी. आणि एक काम तर मगरिबच्या अजानपूर्वीच उरकण्यासारखे आहे : टॉरेंटचा प्रोग्राम उघडून सीडिंगच्या यादीत आपण अजून काय काय वाटत आहोत ते पाहावे, आणि जे आपले नाही ते तेथून काढून टाकावे.