निशाण उतरल्यानंतर : सैनिक, टोळी आणि ऋणाचा प्रश्न

'ओडिसी'च्या नवव्या सर्गात ओडिसियस आपल्या प्रवासाची हकीकत सांगू लागतो, तेव्हा तिच्यातील पहिलाच प्रसंग एका दरोड्याचा आहे. ट्रॉय पडले आहे, दहा वर्षांचे युद्ध संपले आहे, जहाजे घराकडे निघाली आहेत. वारा त्यांना किकोनीयांच्या इस्मारस या नगराशी आणून सोडतो. नगर लुटले जाते, पुरुष मारले जातात, बायका आणि मालमत्ता यांची वाटणी होते. कोणाच्या वाट्याला कमी येऊ नये याची दक्षता घेतल्याचे ओडिसियस आवर्जून सांगतो. लुटीच्या समर्थनार्थ मात्र तो एक शब्दही बोलत नाही. किकोनीय हे ट्रॉयचे मित्र होते हे 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गातील यादीवरून कळते, आणि टीकाकारांनी ती सबब त्याच्यासाठी शोधून ठेवली आहे. त्याला स्वतःला तिची गरज भासलेली नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर दीर्घकाळ उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी 'ओडिसियस इन अमेरिका' (२००२) या ग्रंथात या प्रसंगाचे जे वाचन केले आहे, ते म्हणूनच महत्त्वाचे ठरते. त्यांच्या मते येथे दिसतो तो युद्ध संपूनही युद्धाच्या वृत्तीतून बाहेर न पडलेला आणि त्यामुळे गुन्ह्याच्या वाटेला सहज लागणारा सैनिक.

इंग्रजीतील फँटसीच्या एका शाखेने गेल्या चार दशकांत हाच प्रसंग पुनःपुन्हा लिहिला आहे. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) युद्धावरून परतलेले हॉबिट आपल्या गावातील गुंडांना हाकलून सुव्यवस्था पुन्हा स्थापन करतात. परतलेला सैनिक तेथे कायद्याचा रक्षक आहे. ग्लेन कुक यांची 'द ब्लॅक कंपनी' (१९८४), जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची १९९६ पासून सुरू झालेली 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही मालिका, डॅनियल पोलान्स्की यांची 'लो टाउन' (२०११), जो अ‍ॅबरक्रॉम्बी यांच्या कादंबऱ्या या साऱ्यांत हा भरवसा उरलेला नाही. येथील सैनिक भाडोत्री होतो, अमली पदार्थांचा व्यापारी होतो, कारखानदाराचा गुंड होतो, रानातला दरोडेखोर होतो. या लेखनाला 'वास्तववादी' म्हणण्याची प्रथा पडली आहे. चिखल, रक्त आणि शिव्या यांचे प्रमाण वाढले की वास्तव आपोआप साधते, ही समजूत बरीच भाबडी आहे. या कादंबऱ्यांचे महत्त्व असलेच तर ते त्यांनी उभ्या केलेल्या एका नैतिक प्रश्नात आहे. तो प्रश्न असा : ज्याला शस्त्र धरण्याची आज्ञा झाली आणि नंतर ज्याच्यावरचे निशाण उतरवले गेले, त्याने यापुढे केलेल्या हिंसेचे ऋण कोणाच्या नावे मांडावयाचे?

प्रश्न कल्पित राज्यांत मांडला असला तरी तो कल्पित नाही. १३६० मध्ये ब्रेतिन्यी येथे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तह झाला आणि हजारो सैनिक रिकामे झाले. त्यांच्या टोळ्यांनी फ्रान्सचा मुलूख इतका नागवला की त्यांच्याविरुद्ध राजाला सैन्य पाठवावे लागले, आणि १३६२ मध्ये ब्रिन्ये येथे त्या टोळ्यांनी राजाच्या सैन्याचाच पराभव केला. अशाच टोळीचा नायक झालेला जॉन हॉकवुड पुढे फ्लॉरेन्सचा सेनापती झाला. तेथील कॅथीड्रलच्या भिंतीवर १४३६ मध्ये उच्चेल्लोने रंगविलेले त्याचे अश्वारूढ चित्र आजही आहे. मराठी वाचकाला यासाठी फ्रान्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर जाणाऱ्या पेंढाऱ्यांना वेतन नसे. लूट हेच त्यांचे वेतन होते, आणि ही गोष्ट मोहिमेच्या हिशेबात गृहीत धरलेली होती. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बीमोड केला. तेव्हा होळकरांच्या पदरचा पठाण सरदार आणि पेंढाऱ्यांचा पाठीराखा अमीरखान तह करून टोंकचा नवाब झाला, करीमखान शरण येऊन गोरखपूरकडे जमीन मिळवून स्वस्थ बसला, आणि चितू रानोमाळ पळत असता वाघाच्या तोंडी पडला. तिघांची उपजीविका फारशी वेगळी नव्हती. नवाब, जमीनदार आणि दरोडेखोर ही नावे तहाच्या मसुद्याने दिली. आपल्या भाषेत 'पेंढारी' हा शब्द शिवी होऊन राहिला, आणि 'मुलूखगिरी' या शब्दाचे दात पडून तो प्रवासवर्णनांच्या शीर्षकात जाऊन बसला, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावयास हवे.

नाव देण्याचा अधिकार ज्याच्याकडे, गुन्हा ठरविण्याचा अधिकारही त्याच्याकडे, हे संत ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या चौथ्या भागात सांगितलेल्या चाच्याच्या गोष्टीपासून परिचित आहे. एका नौकेने केली ती चाचेगिरी, आरमाराने केले ते साम्राज्य. या युक्तिवादाचे आकर्षण आधुनिक वाचकाला फार आहे. पण तो अर्धाच युक्तिवाद आहे. राजाही दरोडेखोर आहे असे सिद्ध झाल्याने दरोडेखोर निर्दोष ठरत नाही. आणि जिचे घर जळाले तिच्या दृष्टीने तर या सिद्धतेचा उपयोग शून्य आहे.

मार्टिन यांनी 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स' (२०००) या खंडात रंगविलेला 'निशाणाविना बंधुसंघ' याच ठिकाणी कसाला लागतो. बेरिक डोंडॅरियन आणि त्याचे सोबती हे मुळात राजाज्ञेने निघालेले सैनिक. खेडी जाळणाऱ्या ग्रेगॉर क्लेगेनला शासन करावे, अशी आज्ञा राजाच्या नावाने त्यांना झालेली असते. राजा मरतो, सत्ता क्लेगेनच्या धन्यांकडे जाते, आणि आज्ञा पाळणारे बंडखोर ठरतात. ते रानात राहतात, वाटसरूंना अडवतात, घोडे आणि सोने काढून घेतात. आणि पावती देतात. युद्ध संपल्यावर किंमत चुकती केली जाईल, असे लिहिलेला कागद. साऱ्या मालिकेत या कागदाइतकी विनोदी आणि इतकी गंभीर वस्तू क्वचितच असेल. पावती देणारा दरोडेखोर हा आपण राज्य आहोत असा दावा करीत असतो. पावती वटविणारा खजिना मात्र अस्तित्वात नसतो. घोडा गमावलेल्या माणसाच्या हाती उरते ते एका नाहीशा झालेल्या राजाच्या नावावरचे वचन. त्याच वेळी हेही खरे की, पावती लिहिणारा घेतलेल्या वस्तूला 'घेतलेली' म्हणतो आणि ऋण मान्य करतो. ओडिसियसच्या वाटणीत हे नव्हते. तेथे न्याय होता तो टोळीच्या आत. इस्मारसच्या माणसांपर्यंत त्याचा एक कणही पोहोचला नाही.

याच बंधुसंघासमोर सँडॉर क्लेगेनचा न्यायनिवाडा होतो. युद्धातील अनेक अत्याचारांचा ठपका त्याच्यावर ठेवला जातो. त्यातील बरेच त्याच्या भावाचे आहेत, आणि तो ते झिडकारतो. तेव्हा लहानगी आर्या एकच नाव घेते : मायका, खाटकाचा मुलगा, तिच्याबरोबर काठ्यांची लढाई खेळणारा. सँडॉरने त्याला पाठलाग करून मारले होते. सँडॉरचे उत्तर सैनिकाचे आहे. तो राजपुत्राचा रक्षक होता, राजपुत्रावर हात उगारला गेला असे त्याला सांगण्यात आले होते. म्हणजे निशाण होते, आज्ञा होती, परवाना होता. निवाडा द्वंद्वावर सोपवला जातो आणि द्वंद्व सँडॉर जिंकतो. संघाच्या नियमाप्रमाणे तो निर्दोष ठरतो, आर्याच्या दृष्टीने ठरत नाही. मायकेल वॉल्झर यांनी 'जस्ट अँड अनजस्ट वॉर्स' (१९७७) मध्ये मांडलेला सैनिकांच्या नैतिक समतेचा सिद्धांत लढणाऱ्यांना परस्परांसंबंधी लागू होतो. दोन्ही बाजूंच्या सैनिकांना एकमेकांना मारण्याची सारखीच मुभा, आणि युद्ध न्याय्य होते की नाही याचा जाब सत्ताधाऱ्यांना. मायका लढणारा नव्हता. त्याच्यासमोर ही समता कोसळते, आणि 'आज्ञा होती' हे उत्तर वरच्या दिशेने जाते : रक्षकाकडून राजपुत्राकडे, राजपुत्राकडून राणीकडे. जखम तेवढी खालीच राहते.

संघाने सँडॉरला सोडले, पण त्याचे सोने ठेवून घेतले आणि त्यालाही पावती दिली. तो ते परत मागावयास येतो तेव्हा त्याला कळते की, ज्यांची पिके जाळली गेली त्यांच्यासाठी धान्य आणि बियाणे आणावयास ते सोने खर्च झाले आहे. जळालेल्या शेताचे ऋण अंशतः तरी फेडले गेले ते सैनिकाला लुटून, आणि लुटणारे स्वतःही माजी सैनिकच. मायकाच्या नावाची पावती मात्र कोणी लिहिलेली नाही.

'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये (२००५) मेरिबाल्ड नावाचा अनवाणी हिंडणारा धर्मोपदेशक ब्रिएन आणि तिच्या सोबत्यांना 'मोडलेल्या माणसां'विषयी सांगतो, तो भाग वाचकप्रिय आहे आणि त्याची लोकप्रियता सार्थ आहे. गाव कधी न सोडलेली पोरे गाणी ऐकून सरदाराच्या मागे निघतात. हाती घरचेच एखादे हत्यार. मग भूक, आजार, मेलेल्या माणसाचे जोडे काढून घेणे, आणि एके दिवशी रांग मोडून पळ. पुढे चोरी, त्याहून वाईट काही. ही हकीकत त्याची स्वतःचीच आहे हे शेवटी उघड होते; तो पोरवयात भावांबरोबर युद्धावर गेला होता, आणि त्यांतील एकाच्या मित्राला बलात्काराबद्दल फाशी झाली होती. बहुतेक वाचक येथून करुणा घेऊन बाहेर पडतात. मूळ संवादाची रचना मात्र अधिक कठोर आहे. या माणसांना भ्यावे की नाही, असा प्रश्न नसतोच. त्यांच्यापासून दूर राहावे आणि त्यांची कीवही करावी, असे दोन्ही तो एकाच दमात सांगतो. कीव भीतीला रद्द करीत नाही. मित्राच्या फाशीचा उल्लेख तो मृतांच्या यादीतच करतो, आजाराने गेलेल्यांच्या ओळीत. त्या फाशीला तो अन्याय म्हणत नाही, आणि मित्राला यादीतून वगळतही नाही. समजून घेणे आणि माफ करणे या दोन क्रिया आहेत, हे नीतिशास्त्रात विवेचनाने सिद्ध करावे लागते. येथे ते एका यादीतील क्रमाने साधले आहे.

या प्रकारच्या कादंबऱ्यांचा मोठा दोष याच जागी दिसतो. त्यांचा निवेदक किंवा दृष्टिकोनपात्र जवळजवळ नेहमी सैनिक असतो. त्याची निद्रानाशाची रात्र, त्याची कटू विनोदबुद्धी, त्याच्या मेलेल्या सोबत्यांची नावे हे सारे वाचकाला आतून मिळते. ज्याला तो लुटतो त्याचे फक्त शरीर मिळते, आणि तेही एखाद्या परिच्छेदापुरते. पोलान्स्की यांचा वॉर्डन गल्लीतल्या माणसांना विष विकतो, पण वाचकाच्या मनात रेंगाळते ते त्याने युद्धात काय पाहिले. दुःखाचा हा असमान वाटा नैतिक भूमिकेतून आलेला नसून निवेदनपद्धतीतून आलेला आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. लेखकाने कोणालाही माफ केलेले नसते. दृष्टिकोनाने केलेले असते. कुक यांना याची जाण होती असे दिसते. त्यांचा निवेदक क्रोकर हा टोळीचा वैद्य आणि बखरकार आहे, आणि बखरकार आपल्या माणसांबद्दल सारे लिहीत नाही हे तो लपवून ठेवीत नाही. पेशव्यांच्या बखरी वाचलेल्यास हे नवे वाटू नये.

अ‍ॅबरक्रॉम्बी यांच्या 'अ लिट्ल हेट्रेड'मधील (२०१९) गनर ब्रॉड या दृष्टीने जरा वेगळा आहे. तटावर शिड्या लावून सर्वांआधी चढणाऱ्या पथकातला हा माणूस. हातावर त्याची खूण गोंदलेली. घरी परततो तेव्हा बायको, मुलगी आणि शांत आयुष्याचा खराखुरा निश्चय असतो. जमीन जाते, तो गिरण्यांच्या शहरात येतो, आधी कामगारांच्या बंडात सामील होतो आणि पुढे मालकिणीच्या वतीने संप मोडणारा होतो. जोडीला जुने युद्धसोबती. कोणत्या बाजूने मारावयाचे हे बदलते, मारणे बदलत नाही. अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी एक गोष्ट निर्दयपणे लिहिली आहे : ब्रॉडला मारताना आनंद होतो, आणि तो त्याला माहीत आहे. युद्धाने त्याला बिघडविले की युद्धाने त्याला त्याच्याजोगे काम दिले, हा प्रश्न लेखक मिटवीत नाही. 'परिस्थितीचा बळी' ही सोयीची संज्ञा येथे पुरेशी ठरत नाही. मात्र ज्यांची हाडे तो मोडतो त्यांपैकी कोणाचे तरी पुढचे वर्ष कसे गेले, हे या कादंबरीतही फारसे कळत नाही.

मार्टिन यांच्याकडे परत यावयाचे तर त्यांनी हे ऋण एका वस्तूच्या प्रवासात अधिक नेमके पकडले आहे. सँडॉरचे कुत्र्याच्या तोंडाचे शिरस्त्राण त्याच्यामागे एका दगडांच्या राशीवर ठेवले जाते. रोर्ज नावाचा खुनी ते उचलतो आणि ते घालून सॉल्टपॅन्स हे बंदर उद्ध्वस्त करतो. देशभर त्याचा दोष सँडॉरच्या नावावर चढतो. ब्रिएन रोर्जला मारते. तोवर बंधुसंघाचे नेतृत्व बेरिककडून लेडी स्टोनहार्टकडे गेलेले आहे. पावत्या बंद, फाशीचे दोर मात्र भरपूर. निवाड्याचा देखावा अजून होतो, पण निकाल आधीच ठरलेला असतो. तेथे, ब्रिएनला तिच्यासमोर उभे केले जाते तेव्हा, तेच शिरस्त्राण संघातल्या लेमच्या डोक्यावर आहे. थोरॉस त्याला टोकतो. लेमला त्यात वावगे काही वाटत नाही. शिरस्त्राण चांगले आहे, मजबूत आहे. राजपुत्राचा रक्षक, दरोडेखोर आणि न्यायासाठी रानात गेलेला सैनिक यांच्यात संघाच्या दृष्टीने फरक आहे, आणि तो खराही आहे. सॉल्टपॅन्समधून जिवंत सुटलेले कोणी त्या वाटेवर लेमला सामोरे आलेच, तर त्याला दिसणार ते दात विचकलेले कुत्रे.