बलाका आणि व्याध

२०२४ च्या उन्हाळ्यात मी दोन महिने इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या काठी, मामांकडे राहून एक उमेदवारी केली. परत आल्यावर आषाढी एकादशीस भजन आटोपले असता, मंदिराच्या ओसरीवर आपल्या एका वयोवृद्ध सभासदांनी सर्वांसमक्ष मला विचारले, "मुलांना पक्ष्यांची नावे शिकविलीस हे उत्तम केलेस. पण मासे धरण्याचे जाळेही त्याच मुलांना दाखविलेस म्हणतात. पुजाऱ्याच्या मुलाने दोहोंपैकी एक काय ते ठरवावे. दया शिकवावी, नाही तर हिंसा." मला उत्तर सुचले नाही. वडील समईची वात सारीत होते, तेही काही बोलले नाहीत. उद्या पहाटे देवाचे पाणी भरण्यास ते मला हाक मारतील की नाही, या विचाराने रात्री झोप आली नाही. पहाटे हाक आली. तथापि प्रश्न राहिलाच, आणि तो आपल्या पत्रिकेतून सर्वांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

उजनीचे धरण भीमा नदीवर १९८० साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्याखाली कित्येक गावे गेली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिरही गेले. पाणी फार आटले म्हणजे ते वर येते, आणि त्या उन्हाळ्यात ते तसे वर आले होते. भिगवण, कुंभारगाव या बाजूस हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांना अग्निपंख असेही म्हणतात. त्यांच्यामागून पुण्या-मुंबईची माणसे येतात, आणि या माणसांना होडीतून नेणारे बहुतेक मच्छीमारच असतात. रात्री जाळे टाकावयाचे, पहाटे मासळी काढून बाजारात धाडावयाची, आणि उजाडताच तीच होडी धुऊन, सतरंजी अंथरून, तीत पाहुण्यांना बसवावयाचे, असा त्यांचा क्रम. मामांच्या ओळखीच्या अशाच एका नावाड्याकडे मी राहिलो. सुटीत येणाऱ्या मुलांना पक्षी ओळखून दाखविणे, आणि काठावर परतल्यावर चिलापी कोणती, मरळ कोणती, जाळे कसे विणतात, हे सांगणे एवढेच माझे काम. पगार नव्हता, दुपारचे जेवण देऊ केले होते. (ते मी मामांकडे जाऊन जेवत असे, हेही सांगून टाकतो.)

चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. उथळ पाण्यात रोहितांचा मोठा थवा चरत होता. हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि त्यातील बारीक जीव व शेवाळ खातो. त्यामुळे पोट भरण्यास त्यास फार वेळ लागतो. होडीतील एक गृहस्थ म्हणाले, "जरा उडवा हो, पंखांचा रंग छायाचित्रात येईल." मी उत्साहाने वल्ह्याने होडीच्या कडेवर ठोके दिले. सगळा थवा एकदम उठला. आकाश गुलाबी झाले. मुलांनी टाळ्या पिटल्या. मलाही आपण काही मोठे दान केले असे वाटले. नावाडी मात्र गप्प होता. पाहुणे उतरून गेल्यावर तो म्हणाला, "पोटापाण्याला बसली व्हती ती. भरल्या ताटावरनं उठवलीस." त्याच पहाटे या मनुष्याने जाळ्यात आलेली बोटभर रोहूची पिले वेचून पाण्यात सोडताना मी पाहिला होता. बारीक आसाचे जाळे तो वापरीत नसे. मासे मोठे होऊ दिले नाहीत तर पुढच्या साली खायचे काय, हा त्याचा साधा हिशेब. त्यास दया म्हणावे की नाही हे मला ठाऊक नाही. परंतु त्या दिवशी होडीतील दोघांपैकी कोणाच्या हातून अधिक निष्कारण पीडा झाली, हे मला कळले होते.

ओसरीवरच्या प्रश्नानंतर मी वनपर्वातील मार्कंडेयांनी युधिष्ठिरास सांगितलेली कौशिकाची कथा पुन्हा काढून वाचली. ती आपणा सर्वांस ठाऊक आहे. कौशिक ब्राह्मण झाडाखाली वेदपठण करीत असता वरून एका बलाकेची विष्ठा त्याच्या अंगावर पडली. त्याने क्रोधाने वर पाहिले आणि बिचारी बलाका मरून खाली पडली. पुढे एक पतिव्रता त्यास मिथिलेच्या व्याधाकडे पाठविते, आणि मांसाच्या दुकानात बसलेला तो व्याध या वेदसंपन्नास धर्म शिकवितो. लहानपणी ही कथा ऐकताना व्याधाचा मोठेपणा तेवढा माझ्या लक्षात राही. आता पहिला प्रसंग मनात रुतला. कौशिकाच्या हाती शस्त्र नव्हते. त्याने नुसते पाहिले. भादलवाडीच्या तलावात, झाडांवर घरटी करणारे चित्रबलाक मी मुलांना दाखवीत असे. त्या नावातही तीच बलाका आहे.

पाहणे म्हणजे दया आणि पकडणे म्हणजे हिंसा, अशी जी सोयीची विभागणी आपण करून ठेविली आहे, ती येथे टिकत नाही. घरट्याशी जवळ गेलो की चित्रबलाक उठतात, आणि वैशाखाच्या उन्हात अंडी व पिले उघडी पडतात. पाहणाऱ्याच्या ओंजळीत रक्त दिसत नाही, म्हणून त्यास आपले ओझे जाणवत नाही, इतकेच.

परंतु वयोवृद्ध सभासदांचे म्हणणे पोकळ आहे असेही मी म्हणणार नाही. नावाडी कितीही मर्यादेने वागला, तरी जाळ्यातील मासा तडफडतो आणि मरतो. एका मुलीने तो पाहून तोंड फिरविले होते; तिला काय सांगावे हे मला कळले नव्हते. व्याधानेही आपला धंदा निर्दोष असल्याचे कोठे सांगितले नाही. आपण स्वतः मारीत नाही, पूर्वापार चालत आलेले काम करतो, असे तो म्हणतो, आणि नांगराच्या फाळाखाली, चालणाऱ्याच्या पायाखालीही जीव मरतात हे दाखवितो. यत्नाने हिंसा कमी करता येते, एवढेच त्याचे सांगणे. यात पळवाट आहे काय, याचा मी पुष्कळ विचार केला. पळवाट शोधणारा मनुष्य नांगराचा दाखला देऊन थांबला असता. व्याध थांबत नाही.

हे सर्व भीमेच्या काठचे झाले. आपल्या खकनारच्या सागवानी रानात तर याहून नाजूक प्रसंग आहे. तेथे रानपिंगळा आहे. १८८४ नंतर ११३ वर्षे हा पक्षी कोणा अभ्यासकास खात्रीने दिसला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ आढळला, आणि पुढे आपल्या बाजूसही त्याचा ठाव लागला. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने, आपण १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे तो मिळविल्याचे लिहून ठेविले होते. ते खोटे निघाले. लंडनच्या संग्रहालयातील जुना नमुना चोरून त्याने त्यावर आपली चिठ्ठी लाविली होती. पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्याकडूनच हे घडले.

हा पिंगळा दिवसा हिंडतो, म्हणून दिसण्यास सोपा. आणि म्हणूनच काही हौशी लोक त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यास जवळ बोलावितात. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो धावत येतो, शिकार सोडून फांदीफांदीवर त्या नसलेल्या शत्रूस शोधीत बसतो. खाली उभे असलेले लोक समाधानाने छायाचित्रे घेतात. पिंगळ्याच्या आवाजास अपशकुन मानून त्यावर दगड मारणारे आपल्यातील काहीजण, आणि हे लोक, यांत मला पूर्वी फार अंतर वाटत असे.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीत मंदिराच्या सभासद घरांतील काही मुले माझ्याबरोबर रानात येण्यास निघाली आहेत. त्यांत त्या वयोवृद्ध गृहस्थांचा नातूही आहे. तापीवर १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीस सरकारी बंदी असते. त्याआधी एक दिवस नदीवर जाऊन जाळी ओढताना पाहावी, असे मुलांच्या मनात आहे. गळ बरोबर नेऊ नये, असे पालकांनी बजाविले आहे. दुर्बिणीस कोणाचीच हरकत नाही. रानपिंगळ्याच्या झाडापासून मुलांना किती पावलांवर थांबवावे, हे मात्र मला कोणी विचारले नाही, आणि ते अजून माझे ठरत नाही.